अठ्ठावीस आणि सव्वीस

काटेवाल्यांना खोटं बोलता येत नाही, अशी त्यांची ख्याती होती. आणि अशी ख्याती एकदा माणसाला चिकटली, की खोटं बोलायला तिच्याइतकी सोयीची गोष्ट दुसरी नाही.

काटेवाले म्हणजे वजनकाटे दुरुस्त करणारे. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. दुकान कसलं, एक टेबल, एक खाली ओढलेला दिवा आणि भिंतीशी रांगेत मांडलेले आजारी काटे. किराणावाले, बेकरीवाले, सोनार, सगळे त्यांच्याकडे यायचे. टेबलाच्या खणात एक लाकडी पेटी होती. आत मखमल आणि मखमलीत खोचलेली पितळी वजनं. ती ते बोटांनी कधी उचलत नसत, चिमट्याने उचलत. बोटाचा घाम लागला तरी वजन बदलतं, असं ते कोणी विचारो न विचारो सांगायचे. एका सोनाराने एकदा ‘जरासं इकडे-तिकडे ठेवा’ म्हणून डोळा मारला, तर त्यांनी त्याचा काटा होता तसा, उघडा, स्क्रूंसकट कागदात बांधून त्याच्या हातात दिला. तेव्हापासून तर विचारायलाच नको.

त्यांच्या बायकोचं घराच्या पुढच्या खोलीत केस कापायचं दुकान होतं. फिरती खुर्ची, मोठा आरसा, आणि बायकांच्या गप्पा. बावीस वर्षं ती त्या खुर्चीमागे उभी होती. नवऱ्याचे केसही तीच कापायची. ‘ह्यांच्या डोक्याला फूटपट्टी लावून कापावं लागतं,’ असं गिऱ्हाइकांना सांगायची आणि गिऱ्हाइकं हसायची.

तिच्या उजव्या बाजूला गाठ निघाली. वेळेत सापडली, वेळेत सापडली, असं सगळ्यांनी इतक्यांदा सांगितलं की ते आपलंच काही कर्तृत्व असावं असं तिला वाटायला लागलं. छातीची ती बाजू काढावी लागली, काखेतूनही थोडं काढलं. घरी आली ती अंगावर एक नळी घेऊनच. टाक्यांच्या खालून बारीक नळी बाहेर यायची आणि तिच्या टोकाला रबरी फुगा होता, मुठीत मावेल एवढा. आतलं पाणी त्यात जमायचं. सकाळ-संध्याकाळ तो फुगा मापाच्या कपात रिकामा करायचा, आकडा वहीत लिहायचा, आणि फुगा दाबून बूच लावायचं.

“दिवसाचं पाणी सलग दोन दिवस तीस मिलीच्या खाली आलं, की नळी काढू,” सर्जनबाई म्हणाल्या होत्या. “त्याआधी नाही. घाई केली तर पाणी आतच साठतं, सूज येते आणि जखम भरता भरत नाही. वही कोण ठेवणार?”

“हे,” बायको म्हणाली. “वजनमापं म्हणजे ह्यांचा प्रांत.” आणि ऑपरेशननंतर पहिल्यांदाच हसली.

आता खरं सांगायचं तर काटेवाल्यांना त्या फुग्याची किळस यायची. रक्त बघून घाबरणारा माणूस नव्हे तो. पण ते लालसर पिवळं पाणी कोमट असायचं. रबरातून ती ऊब तळहाताला लागायची, आणि तीस वर्षं थंड पितळ चिमट्याने उचललेल्या माणसाच्या पोटात ढवळून यायचं. ते कप घेऊन न्हाणीघरात जायचे, आकडा वाचायचे, पाणी ओतून द्यायचे, नळ पुरता सोडायचे आणि बेसिनवर वाकायचे. मग तोंड धुऊन, चेहरा नीट करून, “आज ऐंशी” असं सांगत बाहेर यायचे. रोज दोनदा हा कार्यक्रम. कप पुढे आला की जीव नको व्हायचा.

ऐंशीचे सहासष्ट झाले, सहासष्टाचे बावन्न. मग आकडा अडून बसला. त्यात एका सकाळी बायको पलंगाच्या कडेला बसून रडायलाच लागली. “काढा हो ही नळी. कूस बदलता येत नाही, अंघोळ करता येत नाही. नको झालंय मला. तुम्हालाही नको झालंय.”

“मला काय होतंय?” काटेवाले म्हणाले आणि कप घेऊन आत गेले. त्या दिवसाची बेरीज अठ्ठेचाळीस झाली. वहीत त्यांनी लिहिलं अठ्ठावीस. दुसऱ्या दिवशी सेहेचाळीस. लिहिलं सव्वीस. पेन जराही थरथरलं नाही. आपण हे तिच्यासाठी करतोय, तिचे हाल बघवत नाहीत म्हणून करतोय, असं त्यांनी मनाशी म्हटलं, आणि मनानेही फारशी चौकशी न करता ते मान्य केलं.

सर्जनबाईंनी वही बघितली, “अरे वा, एकदम उतरलं,” म्हणाल्या आणि नळी काढून टाकली. त्या आकड्यांवर शंका घ्यायची त्यांना काय गरज? खाली सही काटेवाल्यांची होती.

तीन दिवस घर हलकं झालं. बायको अंघोळ करून आरशासमोर उभी राहिली, नवऱ्याकडे बघून म्हणाली, “हे काय ध्यान झालंय! माझ्या दुखण्यात तुमचं जंगल झालं. बसा.”

“अगं, हात...”

“बसा म्हणते ना. एवढं केलंत माझं, मला एवढं तरी करू द्या.”

त्यांना खुर्चीत बसवून तिने केस कापले. अर्धा तास लागला. मधे दोनदा हात खाली घेऊन थांबली, पण कानांवरची ओळ अशी सरळ काढली की बघत राहावं. त्यांच्या मानेवरचे केस झटकून तिने त्यांना आरसा दाखवला. ती खुशीत होती आणि काटेवाल्यांनाही आपण केलं ते बरंच केलं असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी छातीची ती बाजू फुगून आली होती.

टाक्यांखाली पाण्याची पिशवी ठेवावी तसं दिसत होतं. ती चालली की आतलं पाणी हलायचं, तिला ते जाणवायचं. कातडी ताणून चकचकीत झाली, काखेपासून दंडापर्यंत सूज उतरली, झंपरची बाही चढेना. दवाखान्यात सुई घालून पाणी काढलं, चार दिवसांत पुन्हा भरलं. पुन्हा सुई, पुन्हा पाणी. टाक्यांच्या एका टोकाला जखमेचं तोंड उघडून झिरपायला लागलं. एरवी जी जखम तीन आठवड्यांत मिटायची, तिला दुसरा महिना लागला तरी रोज कापूस ओला होत होता.

ह्या सगळ्याला कारण कोण, हे ठरवायला काटेवाल्यांच्या थोरल्या बहिणीला अर्धं मिनिटही लागलं नाही. ती भावजयीच्या मदतीला येऊन राहिली होती. कामाला वाघ, पण जिभेला हाड नाही.

“केस कापायची एवढी काय घाई होती गं? नवरदेवाला मिरवायला न्यायचं होतं?”

“चुकलंच माझं, वन्सं.”

“चुकलं म्हणून पाणी ओसरतं का? बिचारा माझा भाऊ सकाळ-संध्याकाळ ते माप काढायचा, एक दिवस चुकला नाही. आणि तू सगळ्यावर बोळा फिरवलास.”

काटेवाले तिथेच बसून चहा पीत होते. ताईला गप्प करायला दोन शब्द पुरे होते. ते दोन शब्द म्हणजे दोन आकडेच होते. त्यांनी कपातला चहा संपवला आणि डबा घेऊन दुकानात गेले.

त्या संध्याकाळी बायको त्यांच्याजवळ येऊन बसली. “रागावलात?”

“छे.”

“तुम्ही इतकं निगुतीने केलंत, आणि मी हौसेपायी घाण करून ठेवली. माफ करा मला.”

त्यावर काटेवाल्यांनी काय म्हणावं? “जाऊ दे. होतं असं कधीकधी.” वर त्यांनी तिच्या पाठीवर हातही फिरवला. तिला इतकं बरं वाटलं, की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या रात्रीपासून काटेवाल्यांना घास गोड लागेनासा झाला.

बायकोने कानाला खडा लावला. हात म्हणून हलवायचा नाही. नर्सने व्यायाम शिकवले होते, भिंतीवर बोटं चालवत रोज थोडं वर न्यायची, पोचेल तिथे पेन्सिलीने खूण करायची. आरशाशेजारच्या भिंतीवर आठ-दहा खुणा चढत गेल्या होत्या, त्या तिथेच थांबल्या. तिने ओढणीने उजवा हात पोटाशी बांधून टाकला. नर्स म्हणाली, थोडं हलवा, नाहीतर खांदा धरेल. ही मान डोलवायची आणि घरी येऊन पुन्हा हात बांधायची. एकदा हलवला तर हे झालं, आता पुन्हा नाही. खांदा धरायला लागला. फिरती खुर्ची तिने भिंतीकडे तोंड करून ठेवली. गिऱ्हाइकं चौकशीला यायची, ‘तुम्ही उभ्या राहिलात की येऊ’ म्हणायची आणि दोन गल्ल्या पलीकडे जाऊन केस कापून घ्यायची.

सांगून टाकावं असं काटेवाल्यांना रोज वाटायचं. सकाळी चपला घालताना वाटायचं, पण ताई असायची. संध्याकाळी ताई देवळात जायची, तेव्हा बायको जरा डोळा लागून पडलेली असायची. माणसाला गप्पच बसायचं असलं की मुहूर्त कधी सापडत नाही. दुकानात बेकरीवाल्याचा साधा काटा त्यांना तीन दिवस झाले तरी नीट लावता येईना. एका दुपारी ते अर्धा किलोचं वजन चिमट्याशिवाय, नुसत्या मुठीत धरून बसले होते. किती वेळ, कोण जाणे. पितळ तळहातात कोमट झालं, तेव्हा त्यांनी दचकून ते टेबलावर ठेवलं.

आणि केस वाढत होते. ती सरळ काढलेली ओळ बिघडली, केस कानांवर आले, कॉलरला टेकले. न्हाव्याकडे जायचा त्यांना धीर होत नव्हता. बायको बघायची आणि नजर खाली घालायची.

आठव्या आठवड्यात सर्जनबाईंनी पाचव्यांदा सुई घातली. पाणी काढून झाल्यावर हातमोजे काढत त्या टेबलाशी येऊन बसल्या. “ती वही आणलीय?”

वही काटेवाल्यांच्या पिशवीतच होती. बाईंनी पानं उलटली, शेवटच्या दोन ओळींवर बोट ठेवलं. “हेच मला कळत नाहीय. सव्वीसवर आलेलं पाणी नळी काढल्यावर एवढं भरतं कसं? आणि भरतच राहतं?”

“डॉक्टर, माझीच चूक आहे,” बायको म्हणाली. “मी ह्यांचे केस कापले. अर्धा तास हात वर होता.”

“केस कापून थोडंफार होईल, इतकं नाही. आत कुठेतरी काहीतरी झिरपतंय. गुरुवारी भूल देऊन उघडून बघते. दुसरा इलाज दिसत नाही.”

बायकोचा चेहरा पांढराफटक पडला. भुलीचं तिला फार भय होतं. पहिल्या वेळी ती ‘मी उठले नाही तर’ असं तीनदा म्हणाली होती. आता ती एकदाच म्हणाली, “उघडायचं? पुन्हा?” आणि मग डॉक्टरांकडे न बघता नवऱ्याकडे बघून म्हणाली, “माझ्यामुळे तुम्हाला पुन्हा सगळं करावं लागणार.”

ते वाक्य काटेवाल्यांना सोसलं नाही.

“आकडे खोटे आहेत,” ते म्हणाले.

“कुठले?” सर्जनबाईंनी विचारलं.

“शेवटचे दोन. अठ्ठावीस नव्हते, अठ्ठेचाळीस होते. आणि दुसऱ्या दिवशी सेहेचाळीस. मी वीस-वीस कमी लिहिले.”

बाईंनी वही मिटली. “म्हणजे नळी काढायची वेळच झाली नव्हती.”

“नव्हती.”

“तुम्ही काय काम करता?”

“वजनकाटे दुरुस्त करतो.”

त्यावर बाई काही तरी बोलतील म्हणून काटेवाले खाली मान घालून थांबले. पण त्या बायकोकडे वळल्या आणि फक्त तिच्याशी बोलल्या. उघडायची गरज नाही. जागा बधिर करून नवी नळी घालू, ह्या वेळी ती पाणी आटेपर्यंत राहील. महिना लागो, दीड महिना लागो. जखमेचं तोंड आपोआप मिटत येईल. “आणि हा हात सोडा आधी. केस कापल्याने काही झालेलं नाही. ऐकताय ना? तुमच्या हातून काही झालेलं नाही.”

बायकोने मान हलवली. ओढणीची गाठ मात्र सोडली नाही.

बसमध्ये ती खिडकीकडे बसली, उतरताना त्यांनी पुढे केलेला हात तिने धरला नाही. ताई बाजारात गेली होती. बायको पुढच्या खोलीत गेली, भिंतीकडे वळवलेली खुर्ची तिने डाव्या हाताने फिरवली आणि आरशासमोर बसली. काटेवाले मागे उभे राहिले. आरशात दोघं दिसत होते.

“वन्सं मला काय काय बोलल्या, ते तुम्ही ऐकत होतात,” ती म्हणाली.

“हो.”

“मी हात बांधून बसले, तेही बघत होतात.”

“हो.”

“ते सगळं एक वेळ मी गिळीन. पण मी तुमची माफी मागितली, आणि तुम्ही मला माफ केलंत. पाठीवरून हात फिरवलात माझ्या! मला इतकं बरं वाटलं होतं हो. लाज नाही वाटली?”

“वाटली.”

“तरी?”

काटेवाल्यांनी आरशातली नजर खाली घातली. मग तिने विचारलं, “का केलंत?”

तुझे हाल बघवेनात, हे उत्तर अगदी ओठांवर तयार होतं. दोन महिने ते त्यांनी घासून-पुसून ठेवलं होतं. आरशात त्यांनी आपला चेहरा बघितला आणि ते उत्तर त्यांना उच्चारवेना.

“मला किळस यायची,” ते म्हणाले. “त्या पाण्याची. कोमट असायचं ते. मला रोज उलटी व्हायची. तुझ्यासाठी केलं असं मी म्हणत होतो, पण ते माझ्यासाठी होतं.”

“ऐकू यायचं मला,” ती म्हणाली.

“काय?”

“उलटी. नळ सोडला म्हणून काय झालं, भिंत केवढीशी आहे! रोज दोनदा ऐकत होते. म्हणून तर त्या दिवशी रडले, काढा ही नळी म्हणून. तुमचे हाल मला बघवत नव्हते.” ती उठली. “तुम्ही एकदा तोंडाने म्हणाला असतात, तर वन्संना सांगितलं असतं. नर्सला घरी बोलावलं असतं. एक शब्दाचं काम होतं.”

ताईला त्यांनी त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं, बायकोसमोर. ताईने आयुष्यात पहिल्यांदाच काही बोलायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मग भावजयीच्या ताटात वाढायला गेली, तर भात ताटाबाहेर सांडला.

गुरुवारी नवी नळी घातली. संध्याकाळी पहिलं माप काढायचं होतं. ताई म्हणाली, मी काढते. बायको म्हणाली, “नाही. हेच काढतील.” काटेवाल्यांनी कप घेतला आणि सवयीने न्हाणीघराकडे वळले.

“तिकडे नाही. इथे, उजेडात.”

आरशासमोर त्यांनी बूच काढलं, फुगा दाबला. ऊब तळहाताला लागली. त्यांनी दात आवळले, श्वास धरला, फुगा शेवटच्या थेंबापर्यंत रिकामा केला. मग कप टेबलावर ठेवला आणि वरून डोकावून बघायला लागले.

“गिऱ्हाइकांना काय सांगता?” बायको म्हणाली. “माप डोळ्यांसमोर धरून वाचायचं.”

तिने ओढणीची गाठ सोडली. उजव्या हाताने कप उचलला. कोपर वर आलं, मग खांद्याने अडवलं. तिच्या कपाळावर घाम आला. नवऱ्याची उंची तिच्यापेक्षा चार बोटंच जास्त, पण ती चार बोटं आज डोंगराएवढी होती. काटेवाले घाईने गुडघ्यांत वाकायला लागले.

“वाकू नका.”

ते सरळ उभे राहिले. कप हनुवटीशी आला, थांबला, थरथरला, पुन्हा चढला. त्यांना वाटत होतं की खाली बसावं, तिचे पाय धरावेत, काहीही करावं, पण इथे नुसतं उभं राहू नये. ते उभे राहिले. कप त्यांच्या डोळ्यांसमोर आला.

“वाचा.”

“चौसष्ट.”

“लिहा.”

तिने कप खाली ठेवला. त्यांनी वही उघडली. अठ्ठावीस आणि सव्वीस त्यांनी आदल्या दिवशीच खोडून, शेजारी खरे आकडे घालून, सही केली होती. त्याखाली आता त्यांनी तारीख घातली आणि आकडा लिहिला. मग पेन हातात धरून ते थांबले. जाऊ दे, एवढं ती म्हणेल, निदान पुढे कधीतरी म्हणेल अशा आवाजात काहीतरी बोलेल, असं त्यांना वाटत होतं.

ती त्यांच्या खांद्यावरून वाकून वही बघत होती. “चार नीट काढा,” ती म्हणाली. “पाचासारखा दिसतोय.”

त्यांनी चार पुन्हा काढला.